एकच ब्राउझर असता तर बरं झालं असतं म्हणे!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ज्यांनी ज्यांनी फोन केले त्यांना इथूनच कळवते, आता अक्षरं स्वच्छ दिसतात. आणि स्वच्छ दिसायला लागल्यावर पहिलं काय वाचलं, तर ही पाटी : "हे पान कृपया क्रोममध्ये उघडा."

झालं असं, की एका कार्यालयाचा अर्ज भरायचा होता. कार्यालयाचं नाव कशाला सांगू, तिथली माणसं चांगली आहेत. मी २००५ सालापासून फायरफॉक्स वापरते. सगळी माहिती भरली, शेवटी "पुढे" बटण दाबलं, तर ढिम्म. पुन्हा भरली, पुन्हा ढिम्म. वाटलं माझंच काही चुकतंय. (सत्तरी उलटल्यावर माणूस पहिला संशय स्वतःवरच घेतो.) तिसऱ्या दिवशी पानाच्या तळाशी ती बारीक अक्षरातली पाटी दिसली. भाच्याला फोन केला. तो वेबसाइटी बनवण्याच्या धंद्यात वीस वर्षं आहे. तो म्हणाला, "मावशी, क्रोम टाक ना. कशाला तो फायरफॉक्स धरून बसलीयेस?" टाकला. दोन मिनिटांत अर्ज गेला.

गणपतीत तो घरी आला तेव्हा मी विषय काढला. मोदकावर तूप घेत तो म्हणाला, "खरं सांगू का मावशी, जगात एकच ब्राउझर असता ना, तर आमचं निम्मं काम वाचलं असतं. स्पर्धा-बिर्धा सगळं ठीक आहे, पण भोगतो आम्ही." पंक्तीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी वाढत होते, तेव्हा गप्प बसले. आता बोलते.

अरे बाळा, हे तू बोलतोस? २००७ साली पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा तू आठ महिने आमच्याकडे राहत होतास. रात्री एक-एक वाजेपर्यंत तो भलामोठा कॉम्प्युटर घेऊन बसायचास आणि "सहा" हा आकडा शिवीसारखा उच्चारायचास. ते सहा म्हणजे काय हे मला तूच समजावलं होतंस. आता मी तुला समजावते.

माझ्या वयाच्या वाचकांसाठी थोडं सांगते, जाणकारांनी पुढे जावं. पूर्वी छापखान्यात कंपोझिटर असे. आपण हस्तलिखित द्यायचं, तो खिळे जुळवून पान बांधायचा. ब्राउझर म्हणजे हा कंपोझिटर. वेबसाइट करणारा जे लिहितो ते हस्तलिखित. ते वाचून पडद्यावर पान बांधतो तो ब्राउझर, म्हणजे खरं तर ब्राउझरच्या आतलं इंजिन. एकच हस्तलिखित दोन छापखान्यांत दिलं तर पानं थोडी वेगळी यायची, तसंच हे. म्हणून खुणा ठरवून घ्याव्या लागतात. त्या ठरवायला टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ साली डब्ल्यूथ्रीसी नावाची संस्था काढली.

आता इतिहास. इलिनॉय विद्यापीठातल्या मोझॅइकमधून (१९९३) पुढे नेटस्केप आला, १९९५ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर आणला, विंडोजबरोबर फुकट देऊन टाकला, आणि नेटस्केप संपला. १९९८ साली अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. न्यायाधीश जॅक्सन यांनी २००० साली कंपनीचे दोन तुकडे करा असा हुकूम दिला, वरच्या कोर्टाने तो २००१ साली फिरवला. त्या लढाईत दोघांनीही नियम धाब्यावर बसवले होते हे मला मान्य आहे. नेटस्केपने आपल्या खुणा घुसडल्या, मायक्रोसॉफ्टने आपल्या. वेबसाइट करणाऱ्यांनी एकाच पानाच्या दोन-दोन प्रती केल्या. भाच्याला जो त्रास आठवतो (खरं तर ऐकीव आहे, तेव्हा तो शाळेत होता) तो हा.

पण पुढे काय झालं? २००१ साली इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती आली. दोन-तीन वर्षांत दहातले नऊहून जास्त लोक मायक्रोसॉफ्टचाच ब्राउझर वापरत होते. म्हणजे भाच्याला आज जे स्वप्न पडतं ते तेव्हा प्रत्यक्षात उतरलं होतं. एकच ब्राउझर! मग निम्मं काम वाचलं का? सातवी आवृत्ती आली २००६ च्या ऑक्टोबरात. पाच वर्षं! पाच वर्षांत पहिलीतलं मूल पाचवी पास होतं. त्या सहाव्या आवृत्तीत अर्धपारदर्शक पीएनजी चित्रं नीट दिसत नसत. आणि एक विलक्षण दोष होता : डावीकडे सरकवलेल्या चौकटीचा समास आपोआप दुप्पट व्हायचा. मी मराठीची शिक्षिका, मला समास म्हटलं की द्वंद्व आणि तत्पुरुष आठवणार. या पोराचा समास दुप्पट होत होता आणि तो रात्री एक वाजता कपाळाला हात लावून बसायचा. हे दोष जगाला माहीत होते. मग दुरुस्त का झाले नाहीत? कारण घाई कुणालाच नव्हती. गिऱ्हाईक जाणार कुठे?

घाई केव्हा सुटली? ९ नोव्हेंबर २००४ ला फायरफॉक्स १.० आला. नेटस्केपने मरताना, १९९८ साली, आपला कोड जगाला खुला करून टाकला होता, त्यातून उगवलेलं हे झाड. त्याच डिसेंबरात त्याच्या चाहत्यांनी वर्गणी काढून न्यूयॉर्क टाइम्समध्ये दोन पानी जाहिरात दिली आणि तीत देणाऱ्यांची नावं छापली. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर देणगीदारांची नावं असतात ना, तशी. मग झोपलेला जागा झाला आणि सातवी आवृत्ती आली.

एक गोष्ट मला शिक्षिका म्हणून फार आवडते. २००५ च्या एप्रिलमध्ये वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट या मंडळाने ब्राउझरांसाठी चक्क परीक्षेचा पेपर काढला. अॅसिड २ त्याचं नाव. सगळे नियम बरोबर पाळले तर पडद्यावर एक हसरा चेहरा उमटतो. चुकलात तर नाक एकीकडे, डोळे तिसरीकडे. पेपर आला तेव्हा एकही ब्राउझर पास नव्हता! सगळ्यांत आधी सफारी पास झाला, मग एकेक करत बाकीचे. पुढे मायक्रोसॉफ्टचा आठवा अवतारसुद्धा. या पेपराला किंमत कशामुळे आली? परीक्षेला बसणारे अनेक होते म्हणून. वर्गात एकच मुलगा असेल तर त्याचा पहिला नंबर आणि शेवटचा नंबर सारखाच.

आता भाच्याचा हुकमी मुद्दा. "मावशी, ते मायक्रोसॉफ्ट होतं. क्रोमचं तसं नाही. क्रोम दर काही आठवड्यांनी नवा येतो, आणि त्याचा गाभा, क्रोमिअम, ओपन सोर्स आहे. कुणीही घ्या, बदला."

पहिली गोष्ट कबूल. क्रोम २००८ च्या सप्टेंबरात आला तेव्हा त्याने खरोखर चमत्कार केला. व्ही८ नावाचं जावास्क्रिप्टचं इंजिन इतकं वेगवान होतं की फायरफॉक्स आणि सफारीलाही धावावं लागलं. पण बाबा, तो चमत्कार क्रोम तिसरा-चौथा होता तेव्हाचा! तुझं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

दुसरी गोष्ट, ओपन सोर्स. ओपेराने २०१३ साली आपलं प्रेस्टो इंजिन सोडून हाच गाभा घेतला. खुद्द मायक्रोसॉफ्टने २०१८ च्या डिसेंबरात हात टेकले आणि २०२० पासून त्यांचा एजही त्याच गाभ्यावर चालतो. पाट्या वेगळ्या, भटारखाना एक. गाभा कुणीही घेऊ शकतो हे खरं, पण पुढे त्यात काय शिजणार हे मुख्यतः गूगलचे लोक ठरवतात, आणि दुसऱ्याने वेगळं काही करायचं म्हटलं तर तो फरक दर काही आठवड्यांनी स्वतःच्या पैशाने सांभाळत बसावं लागतं.

याचा अर्थ काय होतो ते दोन उदाहरणांनी सांगते. क्रोमने त्याच्या जोड-प्रोग्रॅमचे, म्हणजे एक्स्टेन्शनांचे, नियम बदलले. जुन्या नियमांवर चालणारे २०२४ पासून बंद पडत गेले. त्यात यूब्लॉक ओरिजिन हा जाहिराती अडवणारा लोकप्रिय प्रोग्रॅमही गेला; क्रोमसाठी त्याची हलकी, कमी ताकदीची आवृत्ती उरली. गूगल म्हणतं हे सुरक्षिततेसाठी आणि वेगासाठी केलं. असेलही. पण जाहिरातींवर पोट असलेल्या कंपनीने जाहिराती अडवणाऱ्याचे हात बांधले, तर मी शंका घेणार. फायरफॉक्सने जुनी सोयही चालू ठेवली, म्हणून मला आजही बातमी वाचताना बातमी दिसते.

दुसरं, त्या कुकीज. आपण एका दुकानात काय पाहिलं हे दुसऱ्या दुकानाला कळवणाऱ्या, परक्या कुकीज. फायरफॉक्सने २०१९ पासून पाठलाग करणाऱ्या ओळखीच्या कुकीज आपोआप अडवायला सुरुवात केली, सफारीने २०२० च्या मार्चपासून सगळ्याच परक्या कुकीज बंद केल्या. गूगलने २०२० च्या जानेवारीत जाहीर केलं की दोन वर्षांत आम्हीही बंद करू. मग मुदत वाढली. मग पुन्हा वाढली. २०२४ च्या जुलैत बेत बदलला, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये सांगितलं की वेगळी विचारणाही करणार नाही, आहे तसंच ठेवू. सफारी आणि फायरफॉक्स नसते तर कुकीज बंद करूनही जग चालतं हे आपल्याला कधी कळलंच नसतं.

आता कोरियाची गोष्ट सांगते, भाच्याला माहीत नव्हती. नव्वदीच्या दशकात अमेरिका कडक सांकेतिकीकरण परदेशात जाऊ देत नसे. म्हणून दक्षिण कोरियाने १९९८ साली सीड नावाची स्वतःची पद्धत तयार केली. हेतू उत्तम. पण ती ब्राउझरमध्ये चालवायची कशी? मायक्रोसॉफ्टच्या अॅक्टिव्हएक्स या सोयीतून. ती चालायची फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये. मग बँका, दुकानं, सरकारी कामं, सगळी त्या एका ब्राउझरला बांधली गेली. एकच ब्राउझर, सगळ्यांची सोय! जगात सगळ्यांत वेगवान इंटरनेट असलेल्या देशांपैकी हा एक, आणि तो वर्षानुवर्षं जुन्या खुंटीला बांधलेला राहिला. २०१४ साली एका कोरियन मालिकेतल्या नायिकेच्या कोटावर चिनी प्रेक्षक लट्टू झाले, पण तो कोट कोरियन साइटवरून त्यांना विकत घेता येईना, तेव्हा राष्ट्राध्यक्ष पार्क गन-हे यांनी बैठकीत जाहीरपणे हा विषय काढला. कोटासाठी का होईना! तरीही सरकारमान्य प्रमाणपत्रांची ती खास व्यवस्था कायद्याने जायला २०२० चा डिसेंबर उजाडला. आपल्या "क्रोममध्ये उघडा" वाल्या कार्यालयांनी ही गोष्ट चौकटीत लावावी.

पण कोरियाला कशाला जायचं? आपल्या मराठीचं काय झालं ते जुन्या ब्लॉगर मंडळींना आठवत असेल. युनिकोड सर्वत्र पोचण्याआधी मराठी वर्तमानपत्रं इंटरनेटवर आली ती आपापले फाँट घेऊन. मजकूर साठवलेला इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांत, वर देवनागरीचं सोंग. हा फाँट पानाबरोबर आपोआप पाठवायच्याही दोन वेगळ्या पद्धती, एक नेटस्केपची, एक मायक्रोसॉफ्टची. नेटस्केप गेला, मग राहिली मायक्रोसॉफ्टची. माझी धाकटी बहीण तेव्हा न्यू जर्सीत होती. ती दुसऱ्या ब्राउझरने आपला पेपर उघडायची आणि मला फोन करायची, "अगं ताई, मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं दिसतंय सगळं!" लोकांना वाटायचं, चालतंय की एकात, पुरे. आज त्या काळातला जो मजकूर कुणी युनिकोडमध्ये बदलून ठेवला नाही, तो तुम्ही मराठीत शोधलात तर सापडत नाही. बातम्या, अग्रलेख, निधनवार्ता. आहेत, पण मुक्या. "एकात चालतंय" याची ही किंमत आपल्या भाषेने मोजली आहे, म्हणून मला त्या पाटीचा राग येतो. नुसती अडाणी म्हातारीची चिडचिड नव्हे ही.

नंतर युनिकोड आलं, बरहा आलं, तुम्ही-आम्ही लिहायला लागलो. तेव्हाही एका ब्राउझरात परिच्छेद दोन्ही कडांना सरळ केला की जोडाक्षरं फुटायची आणि वेलांट्या भलतीकडे जायच्या. पण मी दुसऱ्यात उघडून बघू शकत होते, आणि दुसऱ्यात नीट दिसतं म्हणून पहिल्यावाल्यांना कळवणारे लोक होते. दुसरा नसता तर आपण म्हटलं असतं, देवनागरी कॉम्प्युटरवर अशीच दिसते.

आता थोडं वेबसाइट करणाऱ्यांबद्दल. भाच्या, रागावू नकोस. तुमचा त्रास ब्राउझर अनेक होते म्हणून नव्हता, त्यांनी नियम पाळले नाहीत म्हणून होता. आणि नियम मोडायला तुम्हीही हातभार लावलात. प्रयोगात असलेल्या सोयींना ब्राउझरवाले आपापला उपसर्ग लावत. (हो, उपसर्गच म्हणतात! मला किती आनंद झाला होता.) अजून पक्कं नाही, वापरू नका, असा त्याचा अर्थ. आयफोन आल्यावर तुम्ही सगळ्यांनी वेबकिटचा उपसर्ग धडाधड लिहिला आणि बाकीचे सोडून दिलेत. शेवटी २०१२ साली ओपेराला आणि २०१६ साली फायरफॉक्सला परक्या घरचा उपसर्ग आपल्याकडे चालवून घ्यावा लागला, नाहीतर साइटी मोडक्या दिसत.

त्याहून गंमत हजेरीची. प्रत्येक ब्राउझर साइटला आपलं नाव सांगतो. क्रोम काय सांगतो माहीत आहे? मी मोझिला, अॅपलवेबकिट, केएचटीएमएल, गेकोसारखा, क्रोम, सफारी! एका पोराने सहा जणांची हजेरी लावावी तसं. कारण "तू अमका नाहीस, बाहेर थांब" म्हणणाऱ्या साइटी पहिल्यापासून होत्या, आणि आत शिरायला प्रत्येक नव्या ब्राउझरला जुन्याचं नाव घ्यावं लागलं. माझ्या वर्गात हजेरीला दुसऱ्याचा आवाज काढणारी पोरं मी पकडत असे. पण इथे खोटं बोलायला शिकवलं दारावरच्या मास्तरांनीच.

आणि तुम्ही आज जे कौतुकाने वापरता ते आलं कुठून? पान न हलवता मजकूर बदलण्याची युक्ती मायक्रोसॉफ्टची, १९९९ ची. पान जाळीत मांडायचं ग्रिड पहिल्यांदा दिसलं मायक्रोसॉफ्टच्याच २०१२ च्या ब्राउझरात. मग नियम नीट ठरले आणि २०१७ च्या मार्चमध्ये फायरफॉक्स, क्रोम, सफारी तिघांनीही एकाच महिन्यात आणलं. जाळीतली पोटजाळी फायरफॉक्सने २०१९ साली दिली, क्रोमला २०२३ उजाडलं. चौकटीची रुंदी मोजताना कडा आत धरायच्या की बाहेर, यात जुना एक्सप्लोरर "चुकला" म्हणून सगळ्यांनी त्याला धोपटलं, आणि आज तुम्ही पानाच्या पहिल्याच ओळीत त्याचीच पद्धत मागून घेता. चुकलेल्या मुलाचं उत्तर कधी कधी बरोबर असतं, पण त्यासाठी त्याला वर्गात ठेवावं लागतं ना. २०२२ पासून तर अॅपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला एकत्र बसून दरवर्षी कुठले फरक मिटवायचे ते ठरवतात. इंटरॉप म्हणतात त्याला. म्हणजे अनेक असूनही तुझं काम कमी होतंय. पेपर काढणारा, लिहिणारा आणि तपासणारा एकच झाला तर ती बैठक कशाला भरेल?

फायरफॉक्सही काही धुतल्या तांदळाचा नाही. मोझिलाच्या उत्पन्नाचा बहुतांश भाग गूगलकडून येतो, शोधयंत्राच्या जागेपोटी. अॅपलला तर २०२२ या एका वर्षात वीस अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. न्यायाधीश अमित मेहता यांनी २०२४ च्या ऑगस्टमध्ये शोधाच्या धंद्यात गूगलची बेकायदा मक्तेदारी आहे असा निकाल दिला. सरकार म्हणत होतं क्रोम विकायला लावा, २०२५ च्या सप्टेंबरात त्यांनी तेवढं काही केलं नाही. आणि आयफोनवर अॅपलने वर्षानुवर्षं दुसरं इंजिन येऊच दिलं नाही, युरोपात २०२४ साली कायद्याने भाग पाडलं तेव्हा तिथपुरतं दार उघडलं. ते कुलूपही वाईटच. पण सगळं जग क्रोममय न होण्याचं एक मोठं कारण तेच कुलूप आहे, हेही खरं. अशी ही सगळी मंडळी. मी कुणाची आरती करत नाही, मला चार दुकानं उघडी हवीत, एवढंच.

तर त्या दिवशी शेवटी मी भाच्याला विचारलं, "तुमच्या ऑफिसात तुम्ही किती ब्राउझरांत तपासता?" तो हसला. "क्रोम. आणि क्लायंटच्या बायकोकडे आयफोन असेल तर सफारी." "आणि फायरफॉक्स?" "मावशी, शंभरात दोन-तीन लोक वापरतात तो. त्याचे पैसे कोण देणार?"

साठ मुलांच्या वर्गात एक-दोन. माझ्या वर्गात दर वर्षी तेवढी मुलं अशी असायची, की ज्यांना फळा नीट दिसत नसे किंवा ऐकू कमी यायचं. त्यांना पहिल्या बाकावर घ्यायचे मला कुणी वेगळे पैसे दिले नाहीत.

यावर तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी निघताना म्हणाला, "मावशी, तो अर्ज कुठला होता? लिंक पाठव, बघतो काय अडलंय ते." पाठवली. परवा त्याचा फोन आला. तारखेची एकच ओळ होती म्हणे. क्रोम कशीही लिहिलेली तारीख चालवून घेतो, फायरफॉक्स नियमाप्रमाणे लिहिलेलीच मागतो. त्याने कार्यालयाला इमेल लिहिलाय, उत्तर अजून नाही. आणि त्यांच्या स्वतःच्या कंपनीच्या तीन साइटी त्याने फायरफॉक्समध्ये उघडून बघितल्या. दोन चालल्या. तिसरीबद्दल तो दिवाळीला फराळाला आल्यावर सांगणार आहे.